खारट चेसी

जीपचं डावं दार लागेना, तेव्हा देवमननं आधी दाराला शिव्या घातल्या, मग लाथ घातली. लाथेनं दार लागलं. गाडी चार हात पुढं सरकली नाही तोच ते पुन्हा उघडलं, आणि बाजाराच्या थैल्या मांडीवर घेऊन मागं कोंबून बसलेल्या बाया फिदीफिदी हसल्या.

"गाडीनं बी तोंड उघडलं बाप्पा आता!"

"बसा गुपचूप. नाईतं उतरा अन् जा पायी सावरडोहले."

पायी जायचं नाव काढलं की सावरडोहचं माणूस गप्प होतं. एस.टी. मेडशीला सोडते. पुढं काळ्या मातीची वाट, मधात दोन नाले. पावसाळ्यात बंडी तिथं आसापर्यंत रुतते आणि बैल गुडघे टेकतात. देवमन आणि उकंडराव या भावांची जुनी मिलिटरीची जीप मात्र चारही चाकं ओढत निघते. बाळंतीण असो, नवरदेव असो, कापसाची गाठोडी असोत, सावरडोहला दुसरं काही नाही. त्या दोघा भावांनाही दुसरं काही नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात कडबा मिळेना म्हणून त्यांनी बैलजोडी विकली आणि दुष्काळी कामावरच्या एका ठेकेदाराकडून ही जीप घेतली. बैल उकंडरावनं वासरांपासून वाढवलेले. बाजारात दावं मात्र देवमनच्या हातात होतं; धाकटा त्या दिवशी घराबाहेर पडलाच नाही. ही गोष्ट पुढं घरात कोणी काढली नाही. काढली नाही म्हणजे विसरली, असं मुळीच नाही.

संध्याकाळी अंगणात उकंडराव जीपखाली शिरला आणि तिथूनच ओरडला, "दादा, दार नाई बिघडलं. गाडीच वाकली!"

"काईच्या काई बोलू नको. लोखंड हाय थे."

"ये मंग, पाय तुया डोयानं."

दोघं भाऊ पाठीवर पडले. जीपचा सगळा भार खालच्या लांब लोखंडी सांगाड्यावर असतो, त्याला चेसी म्हणतात. पुढून चेसी धड होती. मागच्या चाकांजवळ तिचे पापुद्रे सुटले होते. उकंडरावनं पेचकस टेकवला, जोर केला नाही, नुसता टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला आणि गंजाचा भुगा देवमनच्या डोळ्यात पडला.

"इचीन! पुढून चांगली अन् मांगूनच कशी सडली हे?"

"मले काय इचारतं? चालवतं कोन जास्त?"

"नाल्यातून हानतं कोन?"

दोघांनीही एकमेकांकडं जरा जास्त वेळ पाहिलं. मग रोजच्या रिवाजाप्रमाणं उकंडराव मागं उभा राहिला, हात हलवत "येऊ दे... येऊ दे... हौऽऽ" करत त्यानं देवमनकडून जीप मागं मागं गोठ्यात घेतली, म्हशीच्या बाजूला, आणि दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी रिकामी जीप हळूहळू रेटत दोघं मालेगावला मेहबूब मिस्त्रीकडं गेले. मेहबूब आधी बोलत नसे. त्यानं हातोडी घेतली, खाली शिरला आणि पुढून मागं ठोकत गेला. पुढं ठण ठण वाजलं. मागं नुसतं थप.

"आगे से बोलती, पीछे से खाँसती," बाहेर येऊन तो म्हणाला. "देवमनभाऊ, हे गेली. बदलून टाका."

"टाका मारून नाई जमत?"

"टाका मारू कशाले? टाका माराले लोखंड तं पायजे. ह्या भुग्याले शिवू का?"

देवमनची नजर गॅरेजच्या मागं गेली. बाभळीखाली ताडपत्री टाकलेलं लांबट काहीतरी पडलं होतं. कडेनं दोन लोखंडी टोकं बाहेर आलेली.

"थे काय हाय?"

"चेसीच हाय. घाटात उलटली व्हती ना एक जीप, तिची. वरचं सारं चेपलं, खालचं साबूत."

देवमनच्या मनात पाल चुकचुकली. कफन विकणाऱ्याला गावात कोणी जिवंत दिसतच नाही! याच्याकडं चेसी पडलेली, म्हणून आपली सडलेली. त्यानं मेहबूबच्या तोंडाकडं निरखून पाहिलं. मेहबूब हात पुसत होता, तोंडावर काहीच नव्हतं. काहीच नव्हतं, हेच देवमनला खटकलं.

तिथून चार दुकानं सोडून रऊफ वेल्डिंगवाला. त्यानं वाकूनसुद्धा नीट पाहिलं नाही.

"बदलता कायले? दोन्ही बाजून पट्ट्या मारतो, वरतून काया रंग लावतो. परवा घेऊन जा. नव्यापेक्षा नवी!"

उकंडरावचा चेहरा खुलला. "मंग हेच करू, दादा."

तेवढ्यात चहावाल्यानं कप ठेवता ठेवता सांगितलं, "रऊफ म्हन्जे मेहबूब मिस्त्रीचा साला लागते, नाई का?"

देवमननं अर्धा कप तसाच खाली ठेवला. इकडून लुटा का तिकडून लुटा, भाकर एकाच तव्यावर! दोघं भाऊ काहीही न ठरवता गाडी घेऊन परत निघाले. वाटेत दार दर खड्ड्याला उघडत होतं, आणि उकंडराव ते हातानं धरून बसला होता.

रात्रीच्या जेवणाला देवमननं विषय काढला. "म्या इचार केला. बदलूनच टाकू. घाटात मधात मोडली तं मानसं मरतीन. गावाले तोंड कसं दाखवाचं?"

उकंडरावनं भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच ठेवला. "नंबर कुठी असते?"

"कशाचा?"

"गाडीचा. चेसीवर कोरेल असते. चेसी गेली का नंबर गेला. नंबर गेला का गाडी गेली. मंग नवी गाडी कोनाची?"

"अबे, बंडीची धुरी बदलली म्हून बंडी दुसऱ्याची होते का?"

"बंडीच्या धुरीवर सरकार नंबर नाई मारत. माये बैल गेले त्या गाडीत. थो नंबर हाय थेच मायी जोडी हाय. थे तू मेहबूबच्या बाभयीखाली टाकून येशीन, अन् उद्या म्हनशीन, गाडी म्या आनली."

देवमनची बायको भागिरथा कोरड्यास वाढत होती. तिचा हात थांबला. चुलीजवळून तिची जाऊ लिलाबाई म्हणाली, "खरंच त हाय. आमचं काय राह्यलं मंग?"

"आमचं-तुमचं कईपासून सुरू झालं वं लिले?" भागिरथा म्हणाली.

"बदलाची असन तं आदी वाटनी करू," उकंडराव म्हणाला. "मंग तुले काय बदलाचं थे बदल."

वाटणी! बाप गेला तेव्हासुद्धा हा शब्द त्या घरात निघाला नव्हता. थोडी कोरडवाहू जमीन, एक म्हैस, दोन शेळ्या आणि एक जीप. जमिनीचे दोन तुकडे पडले तर एकाही तुकड्यावर घर चालत नव्हतं, आणि अर्ध्या जीपमध्ये कोण बसणार होतं? देवमनला हे सगळं बोलायचं होतं. पण बोललं तर उकंडरावला वाटेल दादा गयावया करतो, म्हणून तो हात धुऊन उठला.

जीप गोठ्यात उभी राहिली आणि नेमका कापूस फुटला. वेचणीला घरातली चारही माणसं. कंबर वाकून वाकून ताठ होत नव्हती, बोटं बोंडांनी फाटली होती. गाठोडी डोक्यावर घेऊन वावरातून घरी आणायची आणि मग मेडशीला न्यायची कशी, हा प्रश्न. शेवटी देवमन गावातल्या बैलजोडीवाल्या जगदेवकडं बंडी मागायला गेला. जगदेव ओसरीवर दाढी करून घेत होता. सगळी दाढी होईपर्यंत त्यानं देवमनला उभं ठेवलं.

"काहून देवमन? मोटारवाले आज बंडीत?"

"गाडी दुरुस्तीले हाय."

"दुरुस्तीले का गोठ्यात? म्या त आयकलं, म्हशीसंगं बांधून ठेवली." न्हावी हसला. जगदेव हसला. देवमनलाही थोडं हसावं लागलं, कारण बंडी पाहिजे होती. बंडी मिळाली, पण जगदेव म्हणाला, "बैल तूच जुतून घे, तुले सवय असन अजून." मेडशीच्या वाटेवर बैलांच्या मागं बसून देवमनच्या अंगाची लाही लाही होत होती. जगदेववर तर होतीच, पण त्याहून जास्त, ज्या कोणी ही गाडी खाल्ली त्याच्यावर.

परत आल्यावर, दुपारी घरी कोणी नाही असं पाहून, तो गोठ्यात जीपखाली शिरला. मागच्या भागाला गंजावर पांढरट थर धरला होता. त्यानं नखानं खरवडला, बोटावर घेतला, वास घेतला. मग जिभेला लावला.

खारट!

देवमन तसाच पडून राहिला. मीठ! मालेगावचा किराणावाला खेड्यापाड्यात मिठाची पोती पोचवायला गाडी शोधत असतो, हे त्याला ठाऊक होतं. मंगळवारी जीप उकंडराव नेतो. मागच्या महिन्यात दोनदा उशिरा आला होता. एकदा त्याच्या सदऱ्याला पांढरं लागलं होतं. तेव्हा पीठ वाटलं होतं. माणसाच्या मनात एकदा संशय बसला की पुरावे आपणच चालत दारी येतात. भावानं गुपचूप मीठ वाहिलं, वर गाडी खाल्ली, वर वाटणी मागतो!

भागिरथाला त्यानं हे सांगितलं, तेव्हा ती फटकन म्हणाली, "मीठ वाहो का मिर्ची वाहो, त्यालेच इचारा ना. भिताडाले काहून सांगून राह्यले?"

पण देवमननं भावाला विचारलं नाही. तो मेहबूबकडं गेला. मेहबूबनं सगळं ऐकलं आणि कपाळाला आठी घातली.

"मीठ वायत असतीन तं मायी चेसी बी दोन सालात खाऊन टाकतीन. अन् नाव मायं खराब होईन, का मेहबूबनं सडेल माल देल्ला. म्या येतो पाहाले. तवरोक चेसीले हात लावू देत नाई."

म्हणजे आता मिस्त्रीलाही संशय. कोणाचाच कोणावर विश्वास राहिला नव्हता.

देवमन घरी पोचला तेव्हा उकंडराव अंगणात वाट पाहतच होता. "गेलता ना बाभयीखाली? काय ठरवून आला?"

"काई ठरवलं नाई. तू मीठ वायतं का, थे इचाराले गेलतो."

"मीठ?"

"चेसीवर मीठ हाय. किराण्यावाल्याचे पोते कई वायले, सांग."

उकंडरावचं तोंड लाल झालं. "बाबासायबाच्या फोटोवर हात ठेवून सांगतो, मिठाचा खडा नाई टाकला म्या गाडीत! तू मले चोर मनतं? मिस्त्रीच्या दारात जाऊन भावाले चोर मनतं?"

देवमनला त्या क्षणी वाटलं, हा खरं बोलतो. पण जिभेवरची चव खोटी कशी असेल? तो काहीच बोलला नाही, आणि त्याचं न बोलणं उकंडरावला शिवीपेक्षा जास्त लागलं.

सकाळी लिलाबाईनं अंगणात तीन दगड मांडले आणि वेगळी चूल पेटवली. घराच्या आतून एक धूर, बाहेरून एक. भागिरथा दारात आली, पाहिलं, आणि पदर डोळ्याला लावून आत गेली. इतकी वर्षं दोघी एका परातीत पीठ मळत होत्या.

त्याच दिवशी ऊन चढल्यावर मेहबूब सायकलवर आला. मेडशीपुढं दोन्ही नाल्यांत सायकल खांद्यावर घ्यावी लागली म्हणून वैतागलेला. पाणी प्यायला आणि म्हणाला, "दाखवा गाडी."

उकंडरावनं गोठ्याचं दार उघडलं. मेहबूब आत शिरला आणि दारातच थबकला. नाकाला रुमाल लावला.

"हे अथी उभी राह्यते?"

"मंग कुठी राहीन?" उकंडराव तिरसटून म्हणाला. "बैलाची जागा हाय थे."

"रोज?"

"रोज. उघड्यावर ठेवत नाई आमी."

"तोंड दाराकडं, बूड भिताडाकडं?"

"हौ."

मेहबूबनं कोपऱ्यातली काठी घेतली आणि जीपच्या मागच्या चाकाजवळ भुईत खुपसली. काठी सुळकन गेली. काढली तेव्हा टोकाला काळी, ओली माती. गोठ्याचा उतार भिंतीकडं होता. म्हशीपासून निघालेली नाली जीपच्या बुडाखालून जात होती. तो काही बोलणार तेवढ्यात म्हशीनं शेपूट वर केली. धार खळखळत नालीतून वाहत जीपखाली गेली आणि मागच्या चाकांमध्ये थारोळं करून थांबली. वाफ निघाली. सगळे ती वाफ पाहत राहिले.

"घ्या," मेहबूब म्हणाला. "तुमचा किराण्यावाला आला."

मेहबूबनं काठी परत कोपऱ्यात टेकवली.

"बैलाले मूत चालते भाऊ, लोखंडाले नाई चालत. खालून मूत, बंद गोठा, रातभर वाफ. साला हा रिवाज मालेगावात कोठी नाई पायला म्या, मोटार गोठ्यात बांधाचा." मग त्यानं मान तिरकी करून विचारलं, "पन देवमनभाऊ, खारं हाय हे तुमाले कसं समजलं?"

देवमननं मिशीवरून हात फिरवला.

"चाखलं?"

देवमन म्हशीकडं पाहू लागला. भागिरथाच्या तोंडातून आधी एक आवाज निघाला, मग ती पोट धरून खालीच बसली. "अगं माय! रोज भाजीले मीठ कमी म्हनते थो मानूस!" बाहेर आपल्या चुलीजवळ लिलाबाईच्या हातातून उलथनं पडलं, तिचंही हसू थांबेना. मेहबूब डोळे पुसत होता. शेवटी देवमनही हसला, थुंकला आणि पुन्हा हसला.

उकंडराव तेवढा हसला नाही. तो बैलांच्या खुंट्याजवळ उभा होता. तो खुंटा त्यानं कोणाला उपटू दिला नव्हता. पोळ्याची पूजा त्या घरानं धर्म बदलला तेव्हाच सोडलेली. तरी पोळ्याच्या दिवशी उकंडराव जीप नाल्यावर नेऊन घासून धूत असे, आणि कोणी विचारलं तर म्हणे, चिखल लय झाला होता.

"मले थे जागा रिकामी पाहवत नव्हती," तो म्हणाला. "बैल गेल्यापासून. म्हून मंग म्याच उभी करत गेलो तथी. म्याच सडवली, दादा."

देवमनचं हसू थांबलं. भावाला चोर म्हटल्याचं त्याला आता लागलं, पण ते कसं बोलावं हे त्याला कळत नव्हतं. तो दुसरंच बोलला.

"त्या दिशी बजारात दावं माया हातात व्हतं. गिऱ्हाईक घेऊन चाललं तं थो ढवया मान वयवून मांगं पाहून राह्यला व्हता. माया कडं नाई. गावाच्या वाटेकडं. तुले कई सांगतलं नाई म्या. सांगाची हिंमत नाई झाली."

उकंडरावनं खुंट्यावर हात ठेवला. मेहबूब सायकल पाहायच्या निमित्तानं बाहेर गेला.

थोड्या वेळानं मिस्त्रीनं हातोडीनं चेसी पुन्हा पुढून मागं ठोकून पाहिली. "आता समजलं. मूत मांगंच गेलं, पुढं नाई. पुढची चेसी ठणठणीत हाय, अन् नंबर पुढंच हाय. नंबर कोरून देनारा मी नाई, थो गुन्हा असते. पुढची तुमची ठेवू, मांगची माया कडची लावू. आदी कारन मालूम नव्हतं, म्हून अर्धी ठेवाची हिंमत नव्हती माया अंगात."

"अन् जोड कोन मारीन?" देवमननं विचारलं.

"रऊफ."

"म्हन्जे साला-भाटवा दोघंबी लागले शेवटी!"

मालेगावला गाडी कापली, त्या दिवशी दोघं भाऊ गॅरेजातून हलले नाहीत. एक या बाजूला, एक त्या बाजूला, रऊफचा हात पाहत बसले. रऊफ दोनदा म्हणाला, चहा पिऊन या. दोघं दोनदा नाही म्हणाले. संशय गेला होता असं नाही. आता तो दोघांचा मिळून होता, एवढंच. जोड थंड झाल्यावर उकंडरावनं हातोडी मागून घेतली आणि स्वतः ठोकून पाहिली. पुढं ठण. मागं ठण. मग पुढं वाकून त्यानं नंबरावरून बोट फिरवलं.

"हाय?" देवमननं विचारलं.

"हाय."

घरी पोचायला दिवस बुडाला. दार लागलं ते लागलंच राहिलं. उकंडराव उडी मारून उतरला आणि सवयीनं जीपच्या मागं जाऊन उभा राहिला. पण गोठ्याकडं नाही. गोठ्याचं दार बंद होतं. अंगणाच्या कडेला लिंबाखाली, उघड्यावर, भुईत बैलांचा खुंटा रोवलेला होता. तो सकाळी निघायच्या आधी त्यानं एकट्यानं उपटून तिथं ठोकला होता.

"येऊ दे... येऊ दे... हौऽऽ!"

देवमननं ब्रेक दाबला आणि मान बाहेर काढली. "खुंटा कायले बे? दाव्यानं बांधतं का काय?"

"बांधत नाई. जागा समजाले पायजे तिले."

लिंबाखाली जरा उतार होता. हँडब्रेक ओढला तरी जीप वीतभर मागं सरकली आणि उकंडरावनं तिला खांदा लावला. अंगणातल्या चुलीशी लिलाबाई उभी होती. तिला अजून कोणी काही सांगितलं नव्हतं, आणि तिला ते विचारल्याशिवाय राहवेना.

"मंग? वाटनीचं काय ठरलं?"

उकंडराव खांदा लावूनच बोलला. "आता कशी होईन वं वाटनी? अर्धी जुनी, अर्धी दुसरी, मधात रऊफचा टाका. वाटाची असन तं पुन्हा कापा लागन." मग पुढं तोंड करून ओरडला, "कापतं का, दादा?"

"नाई बा," आतून देवमन म्हणाला.

"मंग दगड आन वं कोनी. मी काय रातभर धरून ठेवू?"

लिलाबाईनं इकडंतिकडं पाहिलं. अंगण झाडून लख्ख होतं, दगड कुठंच नव्हता. तिनं आपल्या चुलीचा एक दगड पदरानं धरून उचलला, राख झटकली आणि जीपच्या मागच्या चाकाखाली सारला.